मोटारीचा डॅशबोर्ड : मापक की मनधरणी?

'डॅशबोर्ड' हा शब्द मोटारीपेक्षा जुना आहे. घोडागाडीच्या काळात घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे एक फळी लावत, तिचे हे नाव. पुढे मोटार आली, घोडे गेले, पण फळी राहिली. हळूहळू तिच्यावर काटे, दिवे आणि अलीकडे मोठाले पडदे येऊन बसले. म्हणजे मूळची ही फळी काहीतरी अडवण्यासाठी होती, दाखवण्यासाठी नव्हे. आजच्या मोटारीतील डॅशबोर्ड बारकाईने पाहिला, तर तिने आपला मूळ धर्म पुरता सोडलेला नाही, असे म्हणावेसे वाटते.

हे विधान बोचरे आहे, म्हणून त्याची कारणे द्यायला हवीत. शाळेच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याच्या हाती व्हर्नियर कॅलिपर देताना आपण त्याला आधी शून्यांक त्रुटी पाहायला सांगतो, मग उपकरणाचे लघुतम माप काढायला लावतो. त्यानंतरच वाचन घ्यायचे. हाच विद्यार्थी मोठा होऊन मोटार चालवू लागतो, तेव्हा त्याच्यासमोर चार-पाच मापनयंत्रे रोज असतात. ती काय मोजतात, कशी मोजतात आणि कितपत खरे सांगतात, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही. पुस्तकाचे किंवा नाटकाचे परीक्षण होते, तसे या फळीचेही व्हायला हरकत नाही. त्यासाठी दोनच कसोट्या पुरेत. दाखवलेली गोष्ट खरी आहे का? आणि ती रस्त्यावरची नजर न हलवता, निदान फार न हलवता कळते का?

वेगाचा काटा

सुरुवात वेगमापकापासून करू. जर्मनीतील ओटो शुल्झ यांनी १९०२ साली ज्या वेगमापकाचे पेटंट घेतले, त्याचे तत्त्व दहावीच्या विद्यार्थ्याला समजावे इतके सुंदर आहे. चाकांबरोबर फिरणारी एक तार एका लहान चुंबकाला फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक तिला स्पर्श करत नाही, पण त्याच्या फिरण्याने वाटीत विद्युतप्रवाहाचे भोवरे निर्माण होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. एक बारीक स्प्रिंग तिला अडवते. ओढ वेगाच्या प्रमाणात असल्याने वाटी, आणि तिला जोडलेला काटा, वेगाच्या प्रमाणातच वळतो.

आज ही तार गेली आहे. चाकांच्या फिरण्याचे विद्युत स्पंद मोजले जातात, संगणक वेग काढतो आणि एक छोटी मोटर काटा फिरवते किंवा पडद्यावर त्याचे चित्र काढते. यात एक मूलभूत बदल झाला आहे. पूर्वी काटा यंत्राला बांधलेला होता. आता तो संगणकाच्या आज्ञेला बांधलेला आहे आणि ही आज्ञा काय असावी हे कोणीतरी ठरवलेले असते.

वेगाच्या बाबतीत हे ठरवणे कायद्याच्या चौकटीत होते. संयुक्त राष्ट्रांच्या मोटारविषयक नियमावलीतील ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की वेगमापकाने प्रत्यक्षापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये. जास्त दाखवला तर चालेल, पण प्रत्यक्ष वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतकाच. म्हणजे प्रत्यक्ष वेग ताशी १०० असताना काट्याने ११४ दाखवले, तरी वेगमापक नियमात बसतो. ही एकतर्फी सूट समजूतदारपणाची आहे. चाक एकदा फिरले की गाडी किती पुढे गेली, हे टायरच्या परिघावर ठरते आणि टायर झिजतो. समजा, नव्या टायरसह चाकाची त्रिज्या ३०० मिलिमीटर आहे आणि ८ मिलिमीटर खोल खाचा झिजून १.६ मिलिमीटर उरल्या. त्रिज्या ६.४ मिलिमीटरने, म्हणजे सुमारे २ टक्क्यांनी घटली. संगणकाला हे ठाऊक नसते. नव्या टायरसाठी बरोबर असलेला वेगमापक आता २ टक्के जास्त वेग दाखवतो आणि अंतरमापकाचे १०,००० किलोमीटर प्रत्यक्षात सुमारे ९,७९० भरतात.

तेव्हा वेगमापक थोडा पुढचे सांगतो, ही माझी तक्रार नाही. आक्षेप आहे तो काट्याच्या जागी आलेल्या ठळक आकड्यांवर. पडद्यावर '८३' असे दिसले की वाचणाऱ्याला वाटते, ८२ नाही आणि ८४ही नाही, बरोबर ८३! ज्या उपकरणाला दहा टक्क्यांहून अधिक मोकळीक आहे, त्याने एकक स्थानचा अंक इतक्या आत्मविश्वासाने दाखवावा, हे विज्ञानाच्या वहीत चालत नाही. आकडा बारीक असणे आणि आकडा बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय काटा आकड्यापेक्षा जास्त सांगतो. तो कोठे आहे हे डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळते, तो किती झपाट्याने चढतो आहे हेही दिसते. आकडा मात्र वाचावा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांकडून उपकरणे वाचताना झालेल्या २७० चुकांची छाननी केली. त्यांचा अहवाल १९४७ सालचा आहे. या चुका 'वैमानिकाची चूक' म्हणून खपल्या होत्या. अनेकींच्या मुळाशी उपकरणाची रचना होती असे या छाननीतून दिसले. उदाहरणार्थ, अनेक काट्यांच्या उंचीमापकावर हजार फुटांची गफलत सहज होई. ठराविक मूल्य वाचायचे असेल तर आकडा बरा, आणि कल व बदल पाहायचा असेल तर काटा बरा, ही शिकवण त्या काळापासूनच्या संशोधनाने दिली आहे. काही उत्पादक काटा आणि आकडा दोन्ही देतात, ते योग्यच आहे.

'गाडी ॲव्हरेज किती देते?'

आपल्याकडे नव्या गाडीबद्दलचा पहिला प्रश्न हाच. गंमत अशी की ज्या राशीला आपण 'ॲव्हरेज' म्हणतो, तिचीच सरासरी काढताना आपण चुकतो. समजा, गाडीने महामार्गावर १०० किलोमीटर लिटरला २० या हिशेबाने काढले आणि शहरात १०० किलोमीटर लिटरला १० ने. एकूण सरासरी किती? वर्गातले बहुतेक हात '१५' म्हणून वर जातील. प्रत्यक्षात महामार्गावर ५ लिटर लागले, शहरात १० लिटर. २०० किलोमीटरना १५ लिटर, म्हणजे लिटरला १३.३ किलोमीटर. कारण 'किलोमीटर दर लिटर' हे खर्चाचे माप नसून खर्चाचा व्यस्तांक आहे, आणि व्यस्तांकांची सरळ सरासरी काढता येत नाही.

चूक वर्गापुरती राहिली असती तर प्रश्न नव्हता. ती निर्णयात उतरते. लिटरला १० देणारी जुनी जीप दुरुस्त करून १२ वर आणावी, की २० देणारी छोटी गाडी बदलून २५ ची घ्यावी? दोन्ही वर्षाला सारख्याच धावतात असे धरू. पाचाची वाढ दोनाच्या वाढीपेक्षा मोठी वाटते. पण १,००० किलोमीटरला जीप १०० लिटरऐवजी ८३.३ लिटर घेईल, बचत १६.७ लिटर. छोटी गाडी ५० ऐवजी ४० घेईल. बचत १० लिटर. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात हाच भ्रम मांडला. अमेरिकेत २०१३ च्या मॉडेलपासून नव्या गाडीवरील सरकारी लेबलवर '१०० मैलांना किती गॅलन' हा आकडाही छापला जातो. युरोपात '१०० किलोमीटरला किती लिटर' हेच माप रूढ आहे. भारत सरकारने २०१४ साली अधिसूचित केलेले मोटारींचे इंधनखर्चाचे मानकही 'लिटर दर १०० किलोमीटर' याच भाषेत आहे. तरी ग्राहकाच्या डोळ्यांसमोर ठेवला जातो तो उलटा आकडा. अनेक गाड्यांत हे एकक सेटिंगमध्ये बदलता येते. बदलून महिनाभर पाहावे, इंधनाचा विचार करण्याची रीतच पालटते.

याच पडद्यावर 'उरलेल्या इंधनात किती अंतर जाल' हाही आकडा असतो. हे मापन नव्हे, भाकीत आहे. टाकीतला तरंगता गोळा इंधनाची पातळी सांगतो, संगणक अलीकडच्या खर्चाच्या दराने पुढचे अंतर काढतो. खोपोलीहून बोरघाट चढताना हा आकडा प्रत्यक्ष कापलेल्या अंतरापेक्षा झपाट्याने घसरतो. खंडाळ्याहून उतरताना इंजिनाला इंधन जवळजवळ लागत नाही, तेव्हा गाडी पुढे जात असूनही उरलेले अंतर वाढते! टाकीत इंधन वाढलेले नसते, फक्त दर बदललेला असतो. विद्युत मोटारीतील बॅटरीचे टक्केही असेच विद्युतभार आणि व्होल्टेज यांवरून केलेले अनुमान असते. मोजलेली राशी आणि भाकीत केलेली राशी एकाच ठशात, एकाच थाटात शेजारी छापणे हा माझ्या मते या पडद्यांचा एक गंभीर दोष आहे.

न हलणारा काटा

आता तपमानाचा काटा पाहू. इंजिन तापले की तो मध्यावर येतो आणि तेथेच बसतो. मालक समाधानी असतो: 'माझ्या गाडीचे इंजिन कधी तापतच नाही.' वस्तुस्थिती अशी की इंजिनातील पाण्याचे तपमान चढावर, गर्दीत, पंखा सुरू-बंद होताना कितीतरी अंश खालीवर होते. अनेक गाड्यांत संगणक वीस-पंचवीस अंशांच्या पट्ट्यात काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवतो. काही गाड्यांत तर वंगणतेलाच्या दाबाचा काटा हा नुसता देखावा होता: खाली दाब मोजणारे साधन नसून एक साधा स्विच होता. दाब एका मर्यादेच्या वर असला की काटा मध्यावर, नसला की तळाला.

उत्पादकांची बाजूही ऐकली पाहिजे. काटा जरा हलला की ग्राहक घाबरून गॅरेज गाठतात, मेकॅनिकला काही सापडत नाही आणि दोघांचाही दिवस वाया जातो. सर्वसामान्य चालकाला 'ठीक' आणि 'बिघाड' एवढेच कळणे पुरेसे आहे, असे ते म्हणतात. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पण मग त्यासाठी दिवा पुरे, काटा कशाला? काटा असणे हेच एक आश्वासन आहे, की येथे एक राशी सतत मोजून दाखवली जात आहे. राशी बदलत असताना तो स्थिर राहिला, तर ते मापन नसून मनधरणी आहे. तिची किंमत संकटाच्या वेळी मोजावी लागते. खरा काटा घाटात हळूहळू चढताना पाहून चालक गाडी बाजूला घेतो, इंजिन थंड होऊ देतो. मध्यावर खिळलेला काटा हलतो तेव्हा बहुतेक वेळ हातचा गेलेला असतो. रोग्याचा तापाचा तक्ता घरच्यांना काळजी वाटू नये म्हणून सपाट काढला, तर त्याला आपण उपचार म्हणणार नाही.

दिवे आणि घंटा

दिव्यांच्या बाबतीत मात्र कौतुक करायला हवे. लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे लवकर लक्ष द्या, हिरवा किंवा निळा म्हणजे अमुक गोष्ट चालू आहे, ही रंगांची भाषा आणि चिन्हे जगभर बरीचशी सारखी झाली आहेत. भाषा न येणाऱ्यालाही ती कळतात. किल्ली फिरवताच सगळे दिवे क्षणभर लागतात, तो शोभेचा भाग नसून दिवा स्वतः चालू आहे का याची तपासणी आहे. एखादा दिवा त्या वेळी लागलाच नाही, तर तो पुढे संकटातही लागणार नाही. आपल्या प्रयोगशाळेतील प्रत्येक उपकरणात अशी सोय असती तर!

घंटेबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींत वेगाचा इशारा देणारा आवाज सक्तीचा झाला. ताशी ८० च्या वर तो ठराविक अंतराने वाजतो, १२० च्या वर सतत. हेतू निर्विवाद चांगला आहे. परंतु मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींना १०० ची परवानगी आहे. तेथे कायदा पाळणाऱ्यालाही घंटा वाजवून टोकले जाते. उलट शाळेसमोरच्या गल्लीतून कोणी ७० ने गाडी नेली, तर घंटा गप्प. चूक नसताना वाजणारी आणि चूक असताना न वाजणारी घंटा माणसाला एकच गोष्ट शिकवते, तिच्याकडे दुर्लक्ष करायला. वर्गात उठसूट 'शांत बसा' म्हणणाऱ्या शिक्षकाचे काय होते, हे वाचकांना सांगायला नको. रस्त्यावरील वेगमर्यादा ओळखून इशारा देणाऱ्या प्रणाली आज अस्तित्वात आहेत. त्या दिशेने जायला हवे.

पडदा

शेवटचा मुद्दा दुसऱ्या कसोटीचा, नजरेचा आहे. ताशी १०० वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. दोन सेकंद पडद्याकडे पाहिले की ५५ मीटर रस्ता न पाहता कापला. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत एका वेळची नजर दोन सेकंदांहून आणि एका कामाला लागणारा एकूण नजरेचा वेळ बारा सेकंदांहून अधिक नसावा, असे म्हटले आहे. या सूचना ऐच्छिक आहेत.

२०२२ साली स्वीडनमधील 'वी बिलेगारे' या मोटारविषयक मासिकाने एक साधा प्रयोग केला. धावपट्टीवर ताशी ११० वेगाने जाताना चालकाने तपमान वाढवणे, रेडिओचे केंद्र लावणे, दिव्यांची तीव्रता कमी करणे अशी चार कामे करायची. गाडीची ओळख करून घ्यायला आधी वेळ दिलेला होता. बटणे असलेल्या २००५ सालच्या जुन्या व्होल्व्होत ती १० सेकंदांत आणि ३०६ मीटरमध्ये झाली. पडदा असलेल्या नव्या गाड्यांपैकी सर्वांत मागे राहिलेल्या गाडीत ४४.६ सेकंद लागले आणि सुमारे १,३७० मीटर रस्ता मागे पडला. एका मासिकाचा हा प्रयोग आहे. त्यावरून सारे सिद्ध झाले असे नाही. पण कारण उघड आहे. बटण हाताला चाचपडून सापडते, फिरवले की 'टक्' असे जाणवते. काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत, म्हणून बोटाला डोळ्याची वाट पाहावी लागते.

पडद्याचा आणखी एक दोष त्याच्या लवचीकपणातच आहे. अक्षरे कितीही लहान करता येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत टेस्ला कंपनीला सुमारे २२ लाख गाड्यांसाठी सुधारणा जाहीर करावी लागली. कारण ब्रेक आणि पार्किंग यांसारख्या इशाऱ्यांची अक्षरे नियमातील ३.२ मिलिमीटरपेक्षा लहान होती. दुरुस्ती संगणकाचा कार्यक्रम बदलून झाली, कोणाला गॅरेजात जावे लागले नाही, हीही पडद्याचीच जमेची बाजू.

बटणांचे महत्त्व आता परत पटू लागले आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ 'जॉन मॅक्केन' ही अमेरिकी युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळून १० नौसैनिक मरण पावले. चौकशीत नौकेच्या स्पर्शपडद्यावरील नियंत्रणाची रचनाही दोषी ठरली आणि २०१९ मध्ये अमेरिकी नौदलाने अशा नौकांवर गती नियंत्रित करणारे दांडे पुन्हा बसवायचे ठरवले. युरोपात मोटारींना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या 'युरो एनकॅप' संस्थेने २०२६ पासूनच्या निकषांत वळणदिवे, धोक्याचे दिवे, वायपर, भोंगा आणि मदतीची हाक यांसाठी खरी बटणे वा दांडे असण्याला गुण ठेवले आहेत. भारतातही २०२३ मध्ये 'भारत एनकॅप' सुरू झाले आहे. धडकेत गाडी किती चेपते याच्या जोडीने धडक होऊच नये म्हणून डॅशबोर्ड काय करतो, हा आग्रह ग्राहकांनी येथेही धरायला हवा.

वर्गात काय करता येईल?

सहलीची बस किंवा घरची मोटार ही उत्तम प्रयोगशाळा आहे. चालकाने काटा ६० वर स्थिर ठेवावा. मोजणी मात्र मागे बसलेल्यांनीच करावी. रस्त्याकडेच्या दगडांवरून पाच किलोमीटरचा वेळ घ्या. बरोबर पाच मिनिटे लागायला हवीत. ५ मिनिटे २० सेकंद लागली, तर प्रत्यक्ष वेग ताशी ५६.२५ होता. ही त्रुटी नियमात बसते का, ते विद्यार्थ्यांनी गणिताने काढावे. मोबाइलमधील उपग्रहाधारित वेगाशी तुलना करावी. पेट्रोलच्या दोन पूर्ण भरण्यांमधील लिटर आणि किलोमीटर लिहून पडद्यावरचा 'ॲव्हरेज'चा आकडा तपासावा. तपमानाचा काटा घाटात किती हलला याची नोंद ठेवावी आणि तो हललाच नसेल तर का, यावर चर्चा घडवावी.

या प्रयोगांना खर्च शून्य आहे. पण त्यातून एक सवय लागते : समोरचा आकडा कितीही चकचकीत असो, तो कोणी, कशावरून आणि कोणाच्या सोयीसाठी काढला हे विचारण्याची. वीजमीटर, रक्तदाबाचे यंत्र, रिक्षाचा मीटर, परीक्षेच्या टक्केवारीचा तक्ता हेही आपापल्या परीने डॅशबोर्डच आहेत. फळीच्या पलीकडे काय चालले आहे हे पाहायला शिकलेला विद्यार्थी गाडीही अधिक सांभाळून चालवील, असा माझा विश्वास आहे.